जावयाचे सत्तर दिवस

वळू केंद्राच्या फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला कचेरी, उजव्या हाताला प्रयोगशाळा आणि मधून गेलेली मुरमाची वाट. त्या वाटेवरून रोज सकाळी सातच्या सुमाराला एक माणूस आणि एक वळू चालत यायचे. माणूस वाळलेल्या शेंगेसारखा, वळू कड्यासारखा, आणि दोघांच्या मधे हातभर दोरी, तीही ढिली. घाई दोघांनाही नसायची. नव्या माणसाला वाटायचं, वळूच या माणसाला फिरवायला घेऊन निघालाय. ते अगदीच खोटं नव्हतं.

माणसाचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथंच राहिलं. केंद्रात आणि केंद्राबाहेरच्या वस्तीत त्याला सगळे थांबाकाका म्हणायचे, कारण त्याच्या तोंडून दिवसभरात जे काही शब्द पडायचे त्यात ‘थांबा’ हा पहिला असायचा. चाऱ्याची गाडी मागं घेणाऱ्याला थांबा, इंजेक्शन घेऊन आलेल्या डॉक्टरला थांबा, पानात वाढणाऱ्या बायकोलाही थांब. त्याची बायको म्हणायची, “लग्नाआधी मला वाटलं, माणूस विचारी आहे. नंतर कळलं, नुसता हळू आहे.”

वळूच्या कानातल्या बिल्ल्यावर एकशे सत्तावीस हा आकडा होता. पण त्याला त्या आकड्यानं हाक मारणारा फक्त कागद. बाकी सगळे त्याला जावई म्हणायचे. नाव पाडलं थांबाकाकाच्या बायकोनंच. सकाळी अंघोळ, मग खरारा, मग मोड आलेलं कडधान्य, मग सावलीत आराम, काम आठवड्यातून दोनदा आणि तेही दहा मिनिटांचं. हे सगळं पाहून ती एकदा म्हणाली, “आपला खरा जावई दोन दिवसांच्या वर राहत नाही म्हणून तुम्ही कुरकुरता. हा मात्र आठ वर्षं ठाण मांडून बसलाय, त्याचे पाय धुताय.”

“त्यानं अजून एकदाही भाजीत मीठ कमी म्हटलं नाही,” थांबाकाका म्हणाला.

जावयाचं काम काय, ते सांगायला हवं. दूरदूरच्या गावांतल्या गायींना वासरं व्हावीत म्हणून चांगल्या वळूचं वीर्य गोळा करून, बोरूपेक्षाही बारीक कांड्यांत भरून, धुरकट गारठ्याच्या टाक्यांत ठेवतात. एका वेळच्या वीर्यातून शेकडो कांड्या निघतात. जावयाची वासरं इतक्या गोठ्यांत होती की कुणी मोजायला बसलं असतं तर म्हातारं झालं असतं. आणि त्यातलं एकही वासरू त्यानं कधी पाहिलेलं नव्हतं. अशा थोर बापाच्या वाट्याला जे सुख येतं ते त्याला मिळत होतं: शांतता.

ही शांतता हे थांबाकाकाचं काम होतं. गोळा करायच्या रबरी नळीभोवती कोमट पाणी भरतात. ते किती कोमट झालं हे बघायला पाऱ्याची काचकांडी होती, पण काका आपलं कोपर बुडवायचा, तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं. मग वळूला आवारात आणायचं ते वाऱ्याच्या दिशेनं. वाटेत लोखंडाचा आवाज होऊ द्यायचा नाही. कुणी मोठ्यानं हसायचं नाही. जावई मधेच उभा राहिला तर आपणही उभं राहायचं आणि त्याला जे दिसतंय ते आपल्याला दिसत नसलं तरी तिकडं बघायचं. बावीस वर्षं हे काम केलेल्या या माणसाला कुणी विचारलं की तुम्ही नक्की काय करता, तर तो म्हणायचा, “मी काही करत नाही. दुसऱ्या कुणाला काही करू देत नाही.”

जुना गोठा होता तो चार मोठ्या झाडांच्या मधोमध. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर गवताचं छप्पर, जमीन पाणी शिंपडून दाबलेली. भर उन्हाळ्यात आत शिरलं की मानेवरून कुणी ओलं फडकं फिरवल्यासारखं वाटायचं. दिसायला मात्र तो गोठा म्हणजे पावसात राहिलेली टोपी.

आणि मग नवे साहेब आले.

साहेब वाईट नव्हते. त्यांना फक्त सगळं दिसायला हवं असायचं. पहिल्याच आठवड्यात जुन्या गोठ्यासमोर उभे राहून ते म्हणाले, “बाहेरून पाहुणे येतात. त्यांना आपण हे दाखवायचं?”

“पाहुणे गोठा बघायला येतात का वळू, साहेब?” थांबाकाकानं विचारलं.

“काका, सगळा खेळ बीजाचा आहे. बीज चांगलं असेल तर ते कुठंही उगवतं. गोठा हा फक्त देखावा.”

“मग देखावा कशाला बदलायचा?”

उत्तर म्हणून नवा गोठा बांधायचा ठरला.

तो बांधला आणि खरंच बघण्यासारखा झाला. पत्र्याचं चकचकीत छप्पर, फरशी आरशासारखी, आणि पश्चिमेकडची अख्खी भिंत काचेची, म्हणजे बाहेरच्या ओट्यावर बसून पाहुण्यांना वळू समोरून दिसावा. ओट्यावर बाकडी टाकली. उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून मोठा पंखा बसवला, तो बाकड्यांवर. वळूच्या डोक्यावर पंखा नव्हता, कारण नकाशात वळू ‘दर्शनीय वस्तू’ या सदरात होता आणि दर्शनीय वस्तूंना पंख्याची तरतूद नसते. उद्घाटनाची पाटी काळ्या दगडात कोरून लावली. तीत साहेबांचं नाव होतं, पाहुण्यांचं होतं, ठेकेदाराचं होतं. जावयाचं नव्हतं.

त्याच सुमाराला वरच्या कचेरीतून एक तापमापक आला. वळूंच्या केंद्रातलं तापमान रोज दुपारी नोंदवहीत लिहावं, असा हुकूम. साहेबांनी तापमापक स्वतःच्या खोलीत, गार हवेच्या यंत्राशेजारी लावला. खोली केंद्रातच होती, त्यामुळं हुकूम पाळला गेला. वहीत रोज चोवीस लिहिलं जाऊ लागलं. बाहेर कावळे चोच उघडी टाकून बसले होते तेव्हाही चोवीस.

जुन्या गोठ्यात मोडक्या खुर्च्या भरल्या आणि जावई काचेच्या महालात गेला.

पहिल्या दिवशी दुपारी चार वाजता थांबाकाकानं फरशीवर तळहात ठेवला आणि लगेच उचलला. मग तो जावयाच्या मागं गेला आणि वाकून बघितलं. वळूचं, रेड्याचं, बोकडाचं, सगळ्यांचं ते ओझं देवानं पोटाबाहेर लोंबतं ठेवलंय, ते उगाच नाही. अंगापेक्षा ते चार-पाच अंश गार राहावं लागतं. आत गार करता येत नाही म्हणून बाहेर टांगलंय, वाऱ्यावर. जावयाचं ते इतकं खाली ओघळलं होतं की गुडघ्याशी टेकेल. वारा शोधत होतं बिचारं. वारा होता बाकड्यांवर.

“साहेब, तो तापतोय,” काकानं सांगितलं.

साहेबांनी वही उघडली. “चोवीस,” ते म्हणाले.

तीन आठवडे गेले आणि जावयाचा पहिला नमुना पडला. पडला म्हणजे डॉक्टरबाईंच्या सूक्ष्मदर्शकाखाली जिथं एरवी जत्रा भरायची तिथं चार-दोन जण हातपाय हलवत होते, बाकी शेपट्या वाकवून पडले होते. ही डॉक्टरबाई केंद्राची प्रयोगशाळा सांभाळायची. वयानं थांबाकाकाच्या मुलीएवढी, बोलायला चटपटीत, आणि खोटं लिहिता येत नाही हा तिचा एकमेव दुर्गुण साहेबांनी तिच्या शेऱ्यात नोंदवलेला होता.

साहेबांनी ताबडतोब उपाय सुरू केले. चारा बदलला. रबरी नळी बदलली. वळूचं मन रमावं म्हणून गोठ्यात भोंगा लावून वाद्यसंगीत सुरू केलं; ते ऐकून जावयानं आयुष्यात पहिल्यांदा भिंतीला धडक दिली, ती काचेची नव्हती हे नशीब. शेवटी थांबाकाकालाच बोलावून साहेब म्हणाले, “काका, कदाचित तुमचं वय झालंय. वळूला ते जाणवत असेल.”

“त्यालाही माझं जाणवतंय, मलाही त्याचं जाणवतंय,” काका म्हणाला. “पंखा तेवढा फिरवता येतो का बघा.”

दुसरा नमुनाही पडला. तिसरा आठवडाभरानं व्हायचा होता. नियम असा की तीन नमुने ओळीनं पडले की वळू निकामी ठरतो. निकामी ठरला की फाइल वर जाते, वरून ट्रक येतो. ट्रक कुठं जातो हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. बावीस वर्षांत थांबाकाकानं असे पाच वळू ट्रकात चढवून दिले होते, पण ते म्हातारे होऊन. जावई भर उमेदीत होता.

त्या दिवशी दुपारी तो प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिला. बावीस वर्षांत त्यानं तो उंबरा ओलांडला नव्हता.

“बाई, एक विचारू? हे त्याच्यातून कायमचं गेलं का?”

डॉक्टरबाईनं त्याला स्टुलावर बसवलं आणि एक जुनी काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. “एक डोळा मिटा, काका. काय दिसतं?”

“चकल्या… नाही, नळ्या. आडव्या कापलेल्या. भिंतीपासून मधोमधपर्यंत गर्दी.”

“ही वृषणातल्या नळीची चकती. अगदी भिंतीला चिकटून ज्या बसल्यात त्या मूळपेशी. सगळं त्यांच्यापासून सुरू होतं. एकीच्या दोन होतात. एक भिंतीशीच राहते, पुढच्या वेळेसाठी. दुसरी निघते मधल्या बाजूला, पुन्हा पुन्हा फुटत, बदलत, आणि शेवटी शेपूट काढून बाहेर पडते. ते बीज.”

“आणि राहायचं कुणी, निघायचं कुणी, हे ठरवतं कोण?”

डॉक्टरबाई हसली. “हाच प्रश्न परीक्षेत येतो. मूळपेशीचं मूळपेशीलाच ठरवता येत नाही. ह्या उंच उंच पेशी दिसतात का, भिंतीपासून मधोमधपर्यंत उभ्या? त्या सांभाळणाऱ्या. एकेकीच्या कुशीत पुष्कळ पोरं. त्याच खाऊ घालतात, मेलेलं उचलतात, आतलं बाहेर आणि बाहेरचं आत होऊ देत नाहीत. आणि मूळपेशीला सांगतात, तू थांब, तू जा. सगळ्यांना जा म्हटलं तर दोन दिवस भरपूर पिकेल आणि मग घर रिकामं. सगळ्यांना थांब म्हटलं तर काहीच पिकणार नाही.”

काका बराच वेळ डोळा लावून बसला. मग म्हणाला, “म्हणजे आतही कुणीतरी थांबा म्हणणारं आहे.”

“आहे. आणि ते नसेल तर बीज कितीही उत्तम असो, उपयोग शून्य. उंदरांत करून बघितलंय. ज्याच्या सांभाळणाऱ्या बिघडलेल्या, त्याच्या मूळपेशी तशाच पडून असतात. त्याच मूळपेशी उचलून चांगलं घर असलेल्या उंदरात सोडल्या, तर त्या आपण होऊन भिंतीशी जाऊन बसल्या आणि पिकायला लागल्या. दोष त्यांचा नव्हताच. घराचा होता.”

“आणि आपला जावई?”

“उष्णतेनं आधी मरतात ती वाटेतली, फुटत असलेली पोरं. भिंतीशी बसलेल्या मूळपेशी चिवट असतात. माझ्या मते त्या जाग्यावर आहेत. पण काका, मूळपेशीपासून शेपूट फुटेपर्यंत साठ दिवस लागतात, आणि पुढं बाहेरच्या लांब वाटेत पिकून तयार व्हायला आणखी दहा. आज त्याला गार जागा मिळाली तर चांगलं बीज दिसेल ते सत्तर दिवसांनी. मी हे साहेबांना लिहून दिलंय.”

“ते काय म्हणाले?”

“म्हणाले, चोवीस.”

तिसरा नमुना पडला. वळू निकामी आहे असं ठरवायला तीनजणांची समिती बसली. तीत एक साहेब, दुसरे भांडारप्रमुख म्हणजे भांडाराचा कार्यभार असलेले साहेबच, आणि तिसरा भांडारातला माणूस, जो साहेब मान हलवतील तशी हलवायचा. एकमतानं ठराव झाला. महालासाठी परदेशी जातीचा नवा वळू आधीच मागवलेला होता, पांढराशुभ्र, पाटीवरच्या काळ्या दगडाशेजारी उठून दिसेल असा. तेव्हा जुन्याला फाइल होईपर्यंत कुठं ठेवायचं?

“अडगळीत टाका,” साहेब म्हणाले.

अडगळ म्हणजे झाडांमधला जुना गोठा. थांबाकाकानं मान खाली घातली, म्हणजे तोंडावरचं काही दिसू नये. मग मोडक्या खुर्च्या एका कोपऱ्यात रचल्या, जमिनीवर पाणी शिंपडलं, आणि जावयाला आत नेलं. जावई दारात थांबला. भिंतीचा वास घेतला. मग असा सुस्कारा टाकला की कोपऱ्यातली एक खुर्ची पडली.

घरी येऊन काका बायकोला म्हणाला, “आज पहिला दिवस. अजून एकोणसत्तर.”

“आणि फाइल?”

“तुझ्या भावाकडं.”

बायकोचा भाऊ केंद्रात हेडक्लार्क होता. काटेकोर माणूस. पेन्सिल दोन्ही बाजूंनी तासायचा. थांबाकाका त्याच्या टेबलापाशी जाऊन बसला तेव्हा त्यानं आधी खुर्ची सरळ करायला लावली.

“फाइल वर जायला किती दिवस लागतात?” काकानं विचारलं.

“वीस. पंचवीस फार झाले. का?”

“सत्तर लागायला हवेत.”

हेडक्लार्कनं चष्मा काढला. “दाजी, तुम्ही माझ्या बहिणीचे नवरे आहात म्हणून ऐकून घेतो. अठरा वर्षांत मी एक फाइल दाबलेली नाही. उशीखाली नाही, बुडाखाली नाही.”

“दाबू नकोस. वाच.”

“म्हणजे?”

“तू फाइल वाचतोस का?”

हेडक्लार्कनं पेन्सिल हातात घेतली. फाइल तो तपासायचा. सह्या आहेत का, शिक्का आहे का, पानांना आकडे आहेत का. वाचायचा कोण? वाचत बसलं तर कचेरी चालेल कशी?

“सगळी?” त्यानं हळूच विचारलं.

“पहिल्या पानापासून. जिथं कळणार नाही तिथं विचार. तो तुझा हक्कच आहे ना?”

हक्क हा शब्द त्याला लागला. अठरा वर्षं त्याला कर्तव्यच सांगितलं गेलं होतं. त्यानं पेन्सिलीची दोन्ही टोकं बघितली, फाइल पुढ्यात ओढली आणि वाचायला लागला.

तिसऱ्या पानावर त्याला समिती भेटली. त्यानं लिहिलं: सह्या तीन आहेत, माणसं दोन दिसतात. तिसऱ्या सभासदाचा खुलासा व्हावा. हा कागद साहेबांकडं गेला. साहेबांनी तिसरा सभासद नेमायचा तर वरून परवानगी हवी होती. वरच्या कचेरीनं विचारलं, आधीचा तिसरा कुठं गेला? या पत्रव्यवहारात बावीस दिवस गेले.

नवव्या पानावर लिहिलं होतं, वळूचं वजन समाधानकारक. हेडक्लार्कनं विचारलं, समाधानकारक म्हणजे किती किलो, आणि समाधान कुणाचं? वजनकाटा तीन वर्षांपासून बंद होता. तो दुरुस्त करणारा आला, त्यानं काटा उघडला, आत चिमणीचं घरटं होतं. घरटं पिल्लं उडेपर्यंत हलवू नये, असं दुरुस्ती करणाऱ्याचं मत पडलं. तो गडी थांबाकाकाचा जुना चहाचा दोस्त होता, हे खरं. पण पिल्लंही खरी होती. आणखी चोवीस दिवस.

इकडं काका रोज सकाळी मडक्यातलं पाणी भिंतींवर मारायचा, दुपारी झाडाखाली जावयाला बांधायचा, आणि संध्याकाळी त्याच्यामागं वाकून बघायचा. ते ओझं आता वर चढून ठीक जागी आलं होतं. तो बोटं मोजायचा. बायको म्हणायची, “आपल्या लेकीच्या वेळेला तुम्ही एवढे दिवस मोजले नव्हते.”

“तिच्या वेळेला ट्रक येणार नव्हता.”

काचेच्या महालात पांढरा वळू आला होता. दिसायला असा की पाहुणे टाळ्या वाजवायचे. पहिले दोन आठवडे त्यानं कांड्यांचा पाऊस पाडला. साहेब म्हणाले, “बघितलं? बीज.” चौथ्या आठवड्यापासून पाऊस ओसरला. साहेब म्हणाले, “जागा नवी आहे, रुळेल.” डॉक्टरबाईनं आकडा लिहिला आणि खाली रेघ मारली.

सहासष्टाव्या दिवशी ट्रक आला.

फाइल अजून टेबलावर होती, पण ट्रक पाठवणारं खातं वेगळं आणि फाइल बघणारं वेगळं. दोघांची आपसात ओळख नव्हती. ड्रायव्हर जाडजूड, झोपाळू माणूस. हातातला कागद नाचवत तो जुन्या गोठ्याशी आला. “निकामी माल एक नग. चढवून द्या.”

थांबाकाकाच्या जिभेला जे येत होतं तेच आलं. “थांबा,” तो म्हणाला. “शेवटचा शिक्का राहिलाय. कचेरीत विचारा.”

ड्रायव्हर कचेरीत विचारून बाहेर येऊन थांबला. हेडक्लार्क एकविसाव्या पानावर होता. एकविसाव्या पानावर तापमान होतं: मागचे सगळे महिने, रोज, चोवीस. त्यानं खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर उभा ड्रायव्हर टोपीनं वारा घेत होता. त्यानं पेन्सिल ठेवली, पेन उचललं आणि अठरा वर्षांतलं आपलं सर्वात सुंदर वाक्य लिहिलं: सदर तापमान कोणत्या खोलीचे आहे व त्या खोलीत वळू कधी राहत होता, याचा खुलासा व्हावा.

तो कागद साहेबांच्या टेबलावर गेला आणि तिथं पाच दिवस पडला. गोठ्याचं म्हणावं तर तापमापक भिंतीवरून हसत होता. खोलीचं म्हणावं तर सगळी वही गेली. साहेब रोज तो कागद वाचायचे, पाणी प्यायचे आणि दुसऱ्या कागदाखाली सरकवायचे. फाइल दाबणं म्हणतात ते हेच. ड्रायव्हर ते पाच दिवस काचेच्या महालाच्या ओट्यावर, पंख्याखाली, बाकड्यावर झोपला. तो पंखा पहिल्यांदा कुणाच्या तरी खऱ्या उपयोगी पडला.

एकाहत्तराव्या सकाळी थांबाकाकानं कोपर पाण्यात बुडवलं. खात्री व्हावी म्हणून त्यानं पुन्हा बुडवलं. मग तो जावयाला घेऊन निघाला. मुरमाच्या वाटेवर जावई मधेच उभा राहिला, तसा तोही उभा राहिला. दोघं मिळून काहीतरी बघत होते. प्रयोगशाळेच्या दारातून डॉक्टरबाई बघत होती, कचेरीच्या खिडकीतून हेडक्लार्क. कुणी घाई केली नाही. मग जावयाला वाटलं तेव्हा तो चालू लागला.

दहा मिनिटांचं काम झालं. डॉक्टरबाईनं थेंब काचेवर घेतला आणि डोळा लावला. काका उंबऱ्यावर, चप्पल हातात.

“काका, या. एक डोळा मिटा.”

खाली जत्रा भरली होती. रेटारेटी, भोवरे, लाटा. काकानं दुसराही डोळा मिटला.

साहेबही आले. त्यांनी बघितलं, सरळ उभे राहिले आणि म्हणाले, “म्हणजे समितीचा निर्णय अचूक होता. वळूला विश्रांतीची गरज होती.”

“होय साहेब,” काका म्हणाला.

“आता याला पुन्हा नव्या गोठ्यात न्या. पुढच्या आठवड्यात पाहुणे आहेत. दोघांना शेजारी शेजारी ठेवू, जुनं आणि नवं.”

डॉक्टरबाईनं तोंड उघडलं. पण तिच्याआधी दारातून हेडक्लार्कचा आवाज आला. त्याच्या हातात त्याच कागदाची दुसरी प्रत होती. असल्या माणसांकडं नेहमी दुसरी प्रत असते.

“साहेब, त्या हुकमाचा कागद करायचा तर आधी एकविसाव्या पानाचं उत्तर लागेल. नाहीतर मला तो वर पाठवावा लागेल. तसाच. वाचून.”

टाकीतून गारठ्याचा धूर सावकाश खाली उतरत होता. साहेबांनी एकदा सूक्ष्मदर्शकाकडं बघितलं, एकदा त्या कागदाकडं, आणि त्यांच्या कपाळावर त्या गार खोलीतही घाम आला.

“एक प्रयोग करू,” ते म्हणाले. “दोन्ही वळू जुन्या गोठ्यात ठेवून बघू. आणि तो तापमापकही तिकडंच लावा. प्रयोगासाठी.”

“आणि माझा नग?” मागून ड्रायव्हर म्हणाला. “मला रिकामं परत जाता येत नाही. कागदावर निकामी माल आहे.”

जुन्या गोठ्यातल्या मोडक्या खुर्च्या कोपऱ्यातून काढून ट्रकात भरल्या. हेडक्लार्कनं त्या स्वतः मोजल्या, यादी वाचली, पुन्हा वाचली आणि मग शिक्का मारला. ट्रक गेला. काचेच्या महालात आता कुणी राहत नाही. पंखा मात्र चालू आहे. तो बंद करायचा हुकूम अजून कुणी काढलेला नाही. पाहुणे येतात, काळ्या दगडावरची नावं वाचतात, काचेतून आतली रिकामी फरशी बघतात आणि फारच स्वच्छ ठेवलंय म्हणतात.

ट्रक गेला त्याच दुपारी थांबाकाका पांढऱ्या वळूला महालातून आणायला गेला होता. वळूची जीभ बाहेर आली होती, डोळे लाल, आणि दोरी धरणाऱ्या प्रत्येकाला शिंग दाखवायची सवय लागली होती. काका त्याच्याजवळ गेला नाही. दोरी जमिनीवर टाकली आणि दहा पावलांवर उकिडवा बसला. बराच वेळ गेला. मग वळूनं मान खाली केली.

वाटेवर झाडांची सावली सुरू झाली तिथं वळू थबकला. पुढं मातीच्या भिंतीतून जावयाचा हुंकार आला. बायको डोक्यावर पाण्याची घागर घेऊन गोठ्याच्या दारात उभी होती.

“हा दुसरा जावई का?” तिनं विचारलं. “एकाचं करताना कंबर मोडली.”

“थांब,” काका म्हणाला, तिला का वळूला ते कळलं नाही. त्यानं वाकून वळूच्या मागं बघितलं, ते ओझं गुडघ्याशी लोंबत होतं. मग उजव्या हाताचं पहिलं बोट मिटलं. “अजून एकोणसत्तर.”